पिवळा पाहुणा

जीवशास्त्राच्या हाजिच बाईंनी वर्गात प्रत्येकाच्या हातात एक चपटी, झाकणाची डबी ठेवली आणि सांगितलं, "घरी न्या. अंधारात ठेवा, आतला कागद ओला राहू द्या, अधूनमधून ओटच्या दोन-चार पाकळ्या टाका. महिनाभर बघत राहा आणि काय बघितलं ते वर्गापुढे येऊन सांगा. निम्मे गुण त्याला आहेत."

ऑल्डन रुझिच्काने डबी दिव्याकडे धरली. ओल्या कागदावर पिवळाधमक ठिपका होता. हॉट डॉग खाताना मोहरीच्या सॉसचा थेंब गळावा, तेवढाच.

"बाई, हे आहे तरी काय?"

"स्लाइम मोल्ड."

"म्हणजे बुरशी."

"बुरशी नाही."

"मग वनस्पती?"

"नाही."

"प्राणी?"

"तोही नाही," हाजिच बाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्याला कुठल्या खान्यात घालायचं ते कळत नाही म्हणून त्याचं काही अडत नाही, मिस्टर रुझिच्का. एक पेशी आहे. कितीही मोठं झालं तरी एकच. डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही. भूक लागली की चालायला लागतं."

"पाय आहेत?"

"नाहीत."

वर्गातली पोरं हसली. ऑल्डनला हसू आलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी अशा वेळी माणूस हसत नाही, तो मनातल्या मनात आपल्या तळघराच्या दाराला खालून किती फट आहे ते आठवून बघतो.

आता ऑल्डन या वयात या पोरांच्यात काय करत होता, ते एकदा सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, लिंडेन गावात ओटची एक मोठी गिरणी आहे, आणि ऑल्डन तिथला मुख्य तपासनीस. मूठभर ओट नाकाशी धरून तो माल कुठल्या शेतातला आणि पावसात भिजला होता की नाही ते सांगत असे. पण गिरणीच्या नव्या मालकांनी फर्मान काढलं की मालाच्या शुद्धतेवर सही करणाऱ्याने कॉलेजात जीवशास्त्र शिकून पास झालं पाहिजे. नाकाला कुणी प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी ऑल्डन कम्युनिटी कॉलेजच्या बाकावर, आपल्या बुटांपेक्षाही लहान वयाच्या पोरांशेजारी गुडघे मुडपून बसू लागला. नापास झाला तर त्याची रवानगी पाकिटं भरायच्या खात्यात व्हायची होती. तिथे डोक्याला एक जाळी लावावी लागते आणि दाढी असेल तर दाढीला दुसरी. ऑल्डनला दाढी होती.

घरी बायकोने, नोरीनने, डबी बघितली आणि पहिला नियम केला.

"फ्रिजमध्ये नाही ठेवायचं."

"फ्रिजमध्ये कोण ठेवतंय? अंधारात ठेवायचंय."

"फ्रिजमध्ये अंधारच असतो."

"तुला काय माहीत? उघडावं तेव्हा दिवा लागलेला असतो."

यावर नोरीनने जिन्याकडे बोट दाखवलं आणि पाहुण्याची सोय तळघरात झाली. कपडे धुवायचं मशीन, ऑल्डनचे गिरणीतले बूट, कोट आणि टोपी, हे त्याचे शेजारी. 'पाहुणा' हे नावही नोरीननेच दिलं. राहणार किती दिवस, हे तिने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

बाई म्हणाल्या होत्या, दोन-चार पाकळ्या. ऑल्डनच्या ते मनाला लागलं. ओटच्या गिरणीत जन्म काढलेल्या माणसाने पाहुण्याला पाकळ्या मोजून वाढायच्या? त्याने गिरणीतले उत्तमातले उत्तम ओट आणले आणि चांगली मूठभर टाकली. दुसऱ्या दिवशी डबीचा तळ दिसेना. पिवळा पंखा पसरला होता आणि त्यात पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या शिरा उमटल्या होत्या. ऑल्डनने वर्गातून मिळालेलं भिंग लावलं. एका शिरेतून पिवळा रस सरसर पुढे वाहत होता. मग तो थांबला. कुणी हाक मारली म्हणून थबकावा तसा थांबला, आणि सरसर उलटा वाहू लागला. ऑल्डन बराच वेळ बघत राहिला. भिंग खाली ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो रस थांबला की आपणही श्वास धरत होतो.

पण माणसाला कशाचीही सवय होते. कामावर निघताना तो झाकणावर टिचकी मारून "काय, ठीक ना?" म्हणू लागला. मूठ वाढत वाढत ओंजळ झाली.

एका सकाळी डबीचं झाकण जरासं उचललेलं दिसलं. फार नाही, नखभर. आत ओटची टरफलं होती आणि गोगलगाय गेल्यावर राहते तशी चकचकीत वाट होती. ती वाट डबीच्या काठावरून बाहेर आली होती, फळीवरून खाली उतरली होती आणि मशीनच्या मागच्या काळोखात शिरली होती. पाहुणा कुठेच नव्हता.

ऑल्डनने मशीन हलवलं, पाइपमागे बघितलं, फडकी झटकली. मग त्याने रिकाम्या डबीचं झाकण नीट लावलं आणि वर जाऊन नोरीनला सांगितलं, "मजेत आहे."

ही थाप जेमतेम आठवडाभर टिकली. कामावर जायच्या घाईत त्याने डावा पाय बुटात घातला आणि तो आत कशाला तरी टेकला. थंड, ओलं आणि मऊ. बूट काढून त्याने बुटाचं तोंड दिव्याकडे केलं. आतून बाहेरपर्यंत पिवळा पंखा पसरला होता, बुटाच्या जिभेवर त्याची बोटं फुटली होती, आणि ती बोटं ऑल्डनच्या बाजूला वळलेली होती.

त्याच्या ओरडण्याने नोरीन अर्ध्या जिन्यापर्यंत आली.

"मजेत आहे ना?" तिने विचारलं.

ऑल्डनने पंखा सुरीच्या पात्याने खरवडला. अर्धा डबीत भरला, अर्धा कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी डबीतला गेलेला होता आणि कचऱ्याच्या डब्यातलाही. 'कापलं तर दोन होतात, भेटले तर पुन्हा एक,' असं बाईंनी वर्गात सांगितलेलं त्याला तेव्हा आठवलं. हे असलं ज्ञान नेहमी काम होऊन गेल्यावर आठवतं, आणि लोक शिक्षणाला नावं ठेवतात ती काही उगीच नव्हे.

त्यानंतर पाहुणा कोटाच्या खिशात सापडला, मग टोपीच्या अस्तरात, आणि एकदा तळघराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. ऑल्डनने व्हिनेगरने पायरी घासली. पुढच्या खेपेला तो पाचव्या पायरीवर होता. त्याला हलताना कुणी बघितलं नाही. ऑल्डन पायरीसमोर उकिडवा बसून डोळ्यांत तेल घालून बघायचा, तेव्हा तो ढिम्म. फोन वाजला म्हणून वर जाऊन यावं, तर बोटभर पुढे.

शेजारचा डेल्मर फॉस हे ऐकून स्वतःहून आला. डेल्मरने उभा जन्म वीज कंपनीत मीटर बघण्यात घालवला होता. गावातलं प्रत्येक तळघर त्याने आतून बघितलेलं, त्यामुळे तळघर या विषयावर लिंडेनमध्ये त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. निदान तो तसं मानत असे.

"मीठ टाक," तो म्हणाला.

"टाकलं. वळसा घालून गेलं."

"ब्लीच?"

"नोरीनचे टॉवेल गेले. ते तसंच आहे."

डेल्मरने टोपी मागे सरकवली. "मी एक सांगू? तळघरात नाना प्रकार बघितले मी. साप, घुशी, एकाचा तर सासरा. पण ते सगळे आपापल्या जागी असतात. हे तसं नाही. बूट तुझा, कोट तुझा, टोपी तुझी. नोरीनची कपड्यांची टोपली तिथेच आहे, तिला बोट नाही लावलं. अरे, हे तुला शोधतंय."

"काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण तू गिरणीचा तपासनीस ना? आणि ओट खाणारं जनावर रोज बुटातून गिरणीत नेतोस. उद्या कुणाच्या तरी नाश्त्याच्या वाडग्यात हे हललं तर?"

"जनावर नाही ते."

"मग काय आहे?"

ऑल्डनने त्याला दारापर्यंत पोचवलं. पण डेल्मर गेल्यावरही तो वाडगा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. गिरणीला सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर उभ्या जन्मात केलेली प्रत्येक सही खोटी. मध्यममार्गी माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं. नाव न सांगता सरकारी कचेरीत फोन करून नुसतं विचारून बघायचं ठरवलं.

"प्राणी असेल तर दोन दाबा, झाड असेल तर तीन, बुरशी असेल तर चार," असं यंत्राने सांगितलं. ऑल्डन विचारात पडला तोवर फोन कटला. दुसऱ्या खेपेला त्याने दोन दाबलं.

"चावलं का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही. त्याला तोंड नाही."

"मग खातं कसं?"

"वर बसून."

"तुम्हाला शेती खातं लागेल."

शेती खात्याने विचारलं की झाडाला पानं किती. बुरशीवाल्यांनी विचारलं की भिंतीवर आहे का. ऑल्डन म्हणाला, अजून नाही, जिन्यावर आहे, वर येतंय. तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा पहिल्या बाईंकडे दिलं.

"सर," त्या आता हळू आवाजात म्हणाल्या, "घरात तुम्ही एकटेच आहात का?"

ऑल्डनने घाईघाईने फोन ठेवला. पाचच मिनिटांत तो वाजला. "मिस्टर रुझिच्का, आपण नाव सांगायला विसरलात, पण आमच्याकडे नंबर दिसतो. तक्रार नोंदवली आहे. शुक्रवारी आमच्या निरीक्षक मिस टिबेट्स येऊन पाहणी करतील. आपण गिरणीत आहात म्हणून एक प्रत तिकडे जाईल."

"माझी तक्रार नव्हतीच," ऑल्डन म्हणाला.

"आता आहे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारच्या आत पाहुणा सापडायलाच हवा होता. तो उजेड टाळतो. घरात दिवसाही अंधार केला तर बाहेर येईल, असा हिशेब करून ऑल्डनने बुधवारी रजा टाकली, सगळे पडदे ओढले, दाराच्या फटीत चादरी कोंबल्या आणि खोलीखोलीत बशीभर ओट मांडून ठेवले. मग नवरा-बायको बैठकीत बसून राहिले. नोरीन सोफ्यावर, ऑल्डन आपल्या नेहमीच्या आरामखुर्चीत. घड्याळ आधी कधी एवढ्या मोठ्याने वाजत नसे.

आता लिंडेनमध्ये भर दुपारी सगळ्या घराचे पडदे ओढलेले असतात ते एकाच कारणाने. बाराच्या सुमारास बेल वाजली. नोरीनने दार किलकिलं केलं. डेल्मरची बायको आर्लीस हातात झाकलेलं गरम भांडं घेऊन उभी होती. बटाटे, भरपूर चीज आणि वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. हा पदार्थ लिंडेनमध्ये कुणी गेल्यावरच येतो. मागे डेल्मर टोपी काढून खाली मान घालून उभा.

आर्लीसने एका हाताने नोरीनला मिठी मारली. "फार चांगला माणूस होता गं."

"कोण?"

"बोलू नकोस, बाई. मनातच ठेव. त्रास तर नाही ना झाला त्याला?"

नोरीनच्या मागच्या अंधारातून आवाज आला, "कुणाला?"

आर्लीसच्या हातातलं भांडं सुटलं नाही ते केवळ तिच्या संस्कारांमुळे. डेल्मर मात्र दोन पायऱ्या खाली उतरलेला होता.

"ऑल्डन?" तिथूनच त्याने विचारलं. "तूच आहेस का?"

"मीच आहे! दुसरं कोण असणार?"

"नाही, म्हणजे," डेल्मर चाचरला, "पडदे बघितले, आणि हिला म्हटलं, बहुतेक त्याने तुला..."

"काय? गिळलं?"

"असं अगदी उघड नाही म्हटलं मी."

आर्लीसने भांडं परत नेलं नाही. असलं भांडं एकदा दारात आणल्यावर मागे न्यायचं नसतं म्हणे. तेव्हा ऑल्डन आणि नोरीन बैठकीच्या अंधारात बसून ऑल्डनच्या मर्तिकाचं जेवण जेवू लागले. फार चविष्ट होतं. हयातीत आर्लीसने आपल्याला इतकं चीज कधी वाढलं नव्हतं, ही खंत ऑल्डनच्या मनाला चाटून गेली. तो दुसऱ्यांदा वाढून घेणार तेवढ्यात नोरीनचा काटा बशीवर वाजला.

"ऑल्डन," ती अगदी सावकाश म्हणाली. "ऊठ. मागे रेलू नकोस. नुसता पुढे वाकून उठ."

तो उठला आणि वळला. खुर्चीच्या पाठीवर, रोज संध्याकाळी तो डोकं टेकत असे तिथे, एक पिवळं डोकं होतं. अगदी त्याच्याच मापाचं. कानांच्या जागी कान होते. आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या बारीक तिरिपेत ते संथपणे फुगत होतं आणि बसत होतं.

नोरीनने आर्लीसच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"बाईंना फोन कर," नोरीन म्हणाली.

हाजिच बाई तासाभरात आल्या. पाहुणा उजेडाला बुजू नये म्हणून त्यांनी टॉर्चला लाल कागद गुंडाळला होता. खुर्ची बघून त्यांचा चेहरा असा उजळला की ऑल्डनला ते बरं वाटलं नाही.

"किती सुंदर! तुम्ही याला घालत काय होता?"

"ओट. ओंजळभर," ऑल्डन खाली बघून म्हणाला.

बाईंनी लाल उजेड जमिनीशी धरला आणि त्या चालू लागल्या. दोघं मागून. दिवसा ज्या भिंती साध्या वाटायच्या त्यांच्या कडेकडेने आता केसासारख्या पिवळ्या रेषा दिसू लागल्या. तळघराचा जिना चढून रेष स्वयंपाकघरात आली होती. टेबलाखालून ती ऑल्डनच्या खुर्चीपाशी गेली होती, नोरीनच्या नाही. तिथून बैठकीत. बोळातल्या भिंतीवर, मोजे काढताना तो जिथे हात टेकायचा तिथे पंजाएवढा डाग होता. मग जिन्याचा कठडा, वरची न्हाणी, आणि झोपायची खोली. बाईंनी पलंगावरची उशी उलटी केली. ऑल्डनच्या उशीच्या पालथ्या अंगाला पिवळं जाळं होतं, आणि त्याचा एक धागा काठावरून वर, उशी जिथे खोलगट झाली होती त्या दिशेने निघाला होता.

"मी यावर झोपतो," ऑल्डन म्हणाला. "बाई, हे माझ्या मागे का लागलंय?"

"तुमच्या मागे नाही लागलेलं. तुमच्या मागे जे सांडतं त्याच्या मागे लागलंय." बाईंनी त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि ते लाल उजेडात धरलं. बारीक पांढरी पूड चमकली. "ओटचं पीठ. कपडे तळघरात काढत असाल, पण केसांत असतं, कानांत असतं, मोज्यांत असतं. तुम्ही इतकी वर्षं घरभर ओट पेरत फिरताय. याने फक्त तुमच्या वाटा शोधून काढल्या."

ऑल्डनने वरच्या बोळात उभं राहून मागे बघितलं. तळघर, टेबल, खुर्ची, न्हाणी, पलंग. त्याच्या सगळ्या आयुष्याचा एवढाच रस्ता, आणि तो मेंदू नसलेल्या एका थेंबाने न चुकता गिरवला होता. बुटातल्या त्या थंड स्पर्शानेही आला नव्हता असा शहारा त्याच्या अंगावर आला.

बोळाच्या टोकाला एक बंद दार होतं. बाईंनी उजेड तिकडे नेला. उंबरा स्वच्छ होता.

"इथे नाही गेलं?"

"इथे नाही यायचं ते," नोरीन म्हणाली. "इथे हा येत नाही."

"तिची शिवणाची खोली आहे," ऑल्डनने बाईंना समजावून सांगितलं.

नोरीन त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

जाताना बाईंनी उपाय सांगितला. हवा कोरडी झाली की हे वाळतं आणि पापुद्र्यासारखं होऊन झोपी जातं. तेव्हा ऑल्डनने घर गरम करायची भट्टी पूर्ण जोरावर सोडली आणि शुक्रवारपर्यंत घराचा पाव भाजून काढला. मिस टिबेट्स हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून आल्या तेव्हा भिंतींवर नुसत्या तपकिरी, कुरकुरीत रेषा उरल्या होत्या. त्यांनी खुर्चीवरचं डोकं हातमोज्याच्या बोटाने टोकरलं. त्याचा भुगा झाला.

"हे मेलेलं आहे," त्या म्हणाल्या आणि पेन काढलं. "बरोबर?"

ऑल्डनने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. गिरणीतलं टेबल वाचलं असतं, दाढीची जाळी टळली असती. खिडकीबाहेर डेल्मर कुंपणावरून जोरजोराने मान हलवून 'हो' सुचवत होता. पण आयुष्यभर मालावर खरी सही केलेल्या माणसाची जीभ अशा वेळी फार गैरसोयीची असते.

"झोपलंय," तो म्हणाला.

"सर?"

"मेलेलं नाही. पाणी लागलं की उठेल."

मिस टिबेट्सनी खुर्चीकडे बघितलं. मग ज्याने टोकरलं त्या बोटाकडे. "माझ्या फॉर्मवर दोनच जागा आहेत. जिवंत किंवा मृत."

"त्याला मी काय करणार?"

शेवटी त्यांनी दोन्ही जागांवर खूण केली, खुर्ची आणि उशी जाळायला सांगितलं, घर व्हॅक्यूमने साफ करवून घेतलं आणि जाताना हातमोजे दाराबाहेरच काढून टाकले.

सोमवारी ऑल्डन गिरणीत गेला तो आपलं सामान भरायला खोका घेऊनच. त्याच्या टेबलावर सरकारी अहवालाची प्रत होती. एकच प्राणी जिवंतही आणि मृतही असल्याचं त्यात अधिकृतपणे म्हटलं होतं. मालकांनी तो दोनदा वाचला, त्यांना ओ की ठो कळलं नाही, म्हणून गिरणीतल्या जीवशास्त्र शिकणाऱ्या एकमेव माणसाकडे अभिप्रायासाठी पाठवला होता. तो माणूस ऑल्डनच. त्याने खोका टेबलाखाली सरकवला आणि गंभीर चेहऱ्याने अभिप्राय लिहिला: यापुढे सगळ्यांनी गिरणीतच अंघोळ करून, कपडे आणि बूट बदलून घरी जावं. मालकांना तो फारच शास्त्रीय वाटला.

वर्गातही त्याने झालेलं सगळं सांगितलं, ओंजळीपासून उशीपर्यंत. यावेळी पोरं हसली नाहीत. पुढच्या बाकावरच्या एकाने हळूच आपली डबी दप्तरातून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ऑल्डन पास झाला.

त्या सोमवारपासूनच तो घरी येताना साबणाचा वास घेऊन येऊ लागला. अंगावर पीठ नाही, केसांत काही नाही. बोळात उभं राहिलं की आपण इथून गेलो याची कुठे काही खूण राहणार नाही, असं त्याला वाटे. एका संध्याकाळी तो बैठकीत न थांबता वर गेला आणि टोकाच्या दारावर त्याने टकटक केली.

"ये," आतून नोरीन म्हणाली.

शिवणाचं मशीन कुठेच नव्हतं. भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर डोकी होती. बाहुल्यांची. चिनी मातीची, लाकडाची, सोनेरी केसांची, टक्कल पडलेली. काहींना डोळे होते, काहींना नुसत्या खोबणी. टेबलावर लोणच्याची बरणी होती आणि ती काठोकाठ काचेच्या डोळ्यांनी भरली होती. त्या सगळ्यांच्या मध्ये त्याची बायको चष्मा नाकावर ओढून, एका हाताने एक मुंडकं मांडीत दाबून बसली होती.

ऑल्डन दारातच थिजला. खाली तळघरात मेंदू नसलेल्या थेंबाला तो महिनाभर भीत होता, आणि डोक्यावर हे.

"हे कधीपासून?"

"आधी आर्लीसच्या बहिणीची एक दुरुस्त केली. मग लोक पाठवायला लागले. आता तर नेब्रास्काहूनही येतात."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू 'हं' म्हणालास." तिने वर बघितलं नाही. "बस. तिथे नको, ते कुणाचं तरी डोकं आहे. इकडे स्टुलावर."

तो बसला. नोरीनने मांडीतलं मुंडकं त्याच्या ओंजळीत दिलं. ते अपेक्षेपेक्षा जड आणि गार होतं.

"पापण्या अंगठ्याने अशा दाबून धर. डिंक वाळेपर्यंत हलायचं नाही."

त्याने धरल्या. खोलीत नोरीनच्या कात्रीचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने त्याला जाणवलं की फळ्यांवरची झाडून सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली आहेत. आत आला तेव्हा ती तशी होती की नाही, ते त्याला नक्की आठवेना.

"नोरीन," तो हळूच म्हणाला. "या सगळ्या माझ्याकडे का बघताहेत?"

"नवीन माणूस आहेस," नोरीन म्हणाली आणि दोरा तोडला. "सवय होईल त्यांना."

ऑल्डनच्या अंगठ्याखाली एक पापणी किंचित फडफडली. त्याने श्वास रोखला, पण हात तसूभरही हलवला नाही.